मुळावरची मुलगी

गेल्या वैशाखातली गोष्ट. येलदरीच्या अलीकडच्या एका गावात आमच्या बचत गटाची मीटिंग होती. दुपारी उन्हामुळे बायका जमत नाहीत, म्हणून संध्याकाळी ठेवली होती. हप्ते, पासबुकं, कुणाच्या शेळीचा विमा असं करता करता साडेआठ वाजले आणि शेवटची एसटी निघून गेली. गटाच्या अध्यक्ष वहिनी म्हणाल्या, "ताई, आता कुठं जाता? राहा आमच्याकडंच." तो मुक्काम मला नवीन नव्हता. पण त्या दिवशी घरात पाऊल टाकलं आणि काहीतरी बिनसलंय हे लगेच जाणवलं. एरवी मला बघून धावत येणारी वहिनींची लेक पिठलं हलवत मान खाली घालून उभी होती.

जेवणं झाल्यावर वहिनींनी हळूच सांगितलं. लेकीचं तिसरं स्थळ परत गेलं होतं.

मुलगी एम.एस्सी. झालेली. विषय रसायनशास्त्र. नांदेडच्या विद्यापीठातून चांगल्या मार्कांनी पास झाली. सध्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवते. दिसायला नीटनेटकी, बोलायला चुणचुणीत. स्थळं येतात, पोहे खातात, "कळवतो" म्हणून जातात. मग पत्रिका बघितली जाते आणि फोन येतो. या वेळचा फोन तर फारच सभ्य होता. "मुलगी आम्हाला पसंत आहे हो. पण मुलाच्या वडिलांची बायपास झालेली आहे आणि मुलीचं नक्षत्र मूळ. उगाच जोखीम नको."

मैत्रिणींनो, तुम्हाला हे वेगळं सांगायला नकोच. मूळ सासऱ्याला वाईट, आश्लेषा सासूला, ज्येष्ठा थोरल्या दिराला आणि विशाखा धाकट्या दिराला. हा पाढा आपण बेचे पाढे म्हणायच्या आधीपासून ऐकतो. वहिनींना एका नातेवाइकानं उपायही सुचवला होता. जन्मवेळ थोडी मागंपुढं करून नवीन पत्रिका करून घ्यायची. पण लेक ऐकायला तयार नव्हती. "खोटं बोलून संसार सुरू करायचा का?" एवढंच म्हणत होती. वहिनी माझ्याकडं बघून म्हणाल्या, "ताई, तुम्ही तरी समजावा तिला."

मी काहीच बोलले नाही. माझी मानही खाली गेली होती. त्याचं कारण पुढं सांगते.

उकाडा मरणाचा होता. आम्ही गच्चीवर अंथरुणं टाकली. एका कडेला वहिनींच्या सासूबाई, म्हणजे मुलीची आजी, एका कडेला मी, मध्ये त्या मायलेकी. अकराच्या सुमारास लाइट गेली आणि सगळं गाव काळोखात बुडालं. आणि काय सांगू! परभणीत, सेलूत राहून आपण विसरूनच गेलेलो असतो, असं आभाळ वर उघडलं.

अंधारात ती पोरगी पहिल्यांदा बोलली. "काकू, तुम्ही मूळ बघितलंय का कधी?"

मी म्हटलं, "पत्रिकेत?"

"नाही, आकाशात."

खरं सांगते, पंचेचाळीस वर्षांच्या आयुष्यात मूळ नक्षत्र आकाशात असतं आणि ते डोळ्यांनी बघता येतं, हा विचारच माझ्या मनात आला नव्हता. ज्या नावाची एवढी भीती घेऊन आपण जगतो, ते कुठं आहे हे कुणी दाखवलंच नाही.

तिनं दाखवलं. तुम्हीही बघा, अवघड नाही. वैशाख-ज्येष्ठात रात्री दहा-अकराच्या पुढं दक्षिण-पूर्वेकडं तोंड करून उभं राहा. पावसाळ्यात ढग फाटले तर आषाढ-श्रावणात संध्याकाळीच दक्षिणेला दिसेल. ताऱ्यांचा एक मोठा विंचू आहे. हा आपला वृश्चिक. त्याच्या डोक्याशी अनुराधा. पोटात एक लालसर ठळक तारा, ती ज्येष्ठा. तिथून शेपटी खाली उतरत जाते, वळते आणि शेवटी नांगी वर उचललेली दिसते. नांगीच्या टोकाला दोन तारे अगदी जोडीनं उभे आहेत. ही शेपटी आणि नांगी म्हणजे मूळ.

"आता त्या जोडीपासून हात लांब करून दोन बोटं मोजा," ती म्हणाली. "तिथं डोळ्यांना काही दिसत नाही. पण तिथं एक ढग आहे. मोठमोठे तारे जन्माला घालणारा. माझ्या विषयातली सगळ्यात भारी प्रयोगशाळा तिथं आहे, काकू. माझ्या मुळाच्या शेजारी!"

मी बी.ए. मराठीची. रसायन म्हटलं की मला पापडखारापलीकडं काही आठवत नाही. पण त्या रात्री तिनं जे सांगितलं, आणि नंतर मी तिला फोन करकरून जे विचारून घेतलं, ते मला समजलं. म्हणजे तुम्हालाही समजेल.

या ढगाला शास्त्रज्ञ मांजराच्या पंजाचा तेजोमेघ म्हणतात, कारण फोटोत तो तसा दिसतो. मांजरानं ओल्या फरशीवर पाय ठेवून जावं तसा. १८३७ साली जॉन हर्शेल यांनी तो दक्षिण आफ्रिकेतून दुर्बिणीनं पाहिला. आपल्यापासून तो चार-पाच हजार प्रकाशवर्षं लांब आहे. म्हणजे आज आपल्यापर्यंत पोचणारा त्याचा प्रकाश निघाला, तेव्हा महाराष्ट्र नाव तर सोडाच, इथं लोखंडाचा नांगरही नव्हता. आकाशात त्याला जागा लागते साधारण पौर्णिमेच्या चंद्राएवढी, पण खरा आकार एवढा, की एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जायला प्रकाशालाही काही दशकं लागतात. २०२५ च्या जुलैमध्ये जेम्स वेब या अंतराळातल्या दुर्बिणीनं त्याचे नवे फोटो पाठवले. जमलं तर मुलांच्या मोबाइलवर जरूर बघा.

ढग म्हटला की आपल्याला पावसाचा आठवतो. हा तसा नाही. हा मुख्यतः हायड्रोजन वायूचा, त्यात थोडा हेलियम आणि चिमूटभर बाकी सगळं. आणि इतका विरळ, की आपल्याकडं ज्याला पोकळी म्हणतात त्याहूनही विरळ. आपल्या घरातली साखरेच्या चौकोनी वडीएवढी हवा घेतली तर तिच्यात पंचवीसवर अठरा शून्यं एवढे रेणू असतात. या ढगांत तेवढ्याच जागेत दहा हजारांच्या आसपास. आणि थंडी म्हणाल तर उणे २६३ अंश सेल्सियस.

आता मला सांगा, एवढ्या थंडीत, एवढ्या विरळ जागेत दोन अणू एकमेकांना भेटणार कसे? हाच प्रश्न मी तिला विचारला. ती म्हणाली, "काकू, गावात बायका कुठं भेटतात?" मी म्हटलं, "पाण्यावर." "तसंच. तिथंही पाणवठे आहेत."

हे पाणवठे म्हणजे धुळीचे कण. चुलीच्या धुरातल्या काजळीसारखे आणि बारीक वाळूसारखे. एका मिलिमीटरचे दहा हजार भाग केले तर एक भाग जेवढा होईल, साधारण तेवढा एक कण. भटकणारे अणू त्यावर येऊन बसतात, सरकतात, एकमेकांना सापडतात. हायड्रोजनचे दोन अणू एकत्र येऊन त्यांचा रेणू होतो तो बहुतेक याच पाणवठ्यावर. ऑक्सिजनला दोन हायड्रोजन भेटले की पाणी. पण थंडी एवढी की पाण्याचा लगेच बर्फ. असा एकेका कणावर बर्फाचा थर चढत जातो. फ्रीजरच्या कडेनं बर्फ चढतो ना, तसा.

मग त्या बर्फावर आणखी एक पाहुणा येऊन गोठतो. कार्बन मोनॉक्साइड. बंद खोलीत शेगडी पेटवून झोपलं की जीव घेतो, तोच हा वायू. त्याला एकामागून एक हायड्रोजन चिकटत जातात. दोन चिकटले की होतं फॉर्मल्डिहाइड, म्हणजे कॉलेजच्या प्रयोगशाळेत बेडूक ठेवायच्या बरणीतलं औषध ज्यापासून करतात ते. आणखी दोन चिकटले की मिथेनॉल. मिथेनॉल म्हणजे विषारी दारूतलं विष. पेपरात आपण दर काही वर्षांनी वाचतो ना, अमुक गावात विषारी दारूनं इतके गेले, तेच. आम्ही दारूबंदीसाठी मोर्चे काढणाऱ्या बायका. मी कपाळावर हात मारला. "म्हणजे तिथंही दारू?" पोरगी पहिल्यांदा हसली. "तिथं साधी दारूपण आहे काकू, इथेनॉल. मुळाच्या पलीकडं धनू राशीत असाच एक प्रचंड ढग आहे, त्यात १९७५ सालीच सापडलीय. एवढी की पृथ्वीवरच्या सगळ्या भट्ट्या फिक्या पडतील."

शिवाय काय काय आहे ते ऐका. मुंगी चावल्यावर झोंबतं ते फॉर्मिक आम्ल. व्हिनेगरमधलं आम्ल. नेलपॉलिश काढायचं ॲसिटोन. कुजक्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड. युरियाच्या खताशी नातं सांगणारा अमोनिया. साखरेचा सगळ्यात साधा भाऊबंद असलेला एक रेणू २००० साली धनू राशीतल्या त्या ढगात सापडला, आणि पुढं मांजराच्या पंजातही. ताऱ्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत आजवर तीनशेहून जास्त प्रकारचे रेणू सापडले आहेत. किराणा दुकानाची यादी जणू!

पण हे सगळं बर्फात बंद असेल तर कळतं कसं? इथं मोठा तारा येतो.

ढगाचा एखादा भाग स्वतःच्याच वजनानं आत आत दबत जातो. मध्यभागी गरम होऊ लागतो. सूर्याच्या आठपट किंवा त्याहून जड तारा तयार होत असेल तर त्याला शास्त्रज्ञ मोठा तारा म्हणतात. त्याची ऊब भोवतालच्या धुळीला लागली की कणांवरचा बर्फ उडून जाऊ लागतो. उणे पावणेदोनशे अंशांच्या आसपास पाण्याचा बर्फही सुटतो. आपल्याला ते कडाक्याचं थंड, पण त्या ढगाच्या मानानं चटके बसावेत असं. आपण कधी फ्रीज बंद करून बर्फ काढायला ठेवतो, तेव्हा कसं होतं? वर्षभराचा कैरीचा गर, आलं-लसूण, मटार, सगळ्यांचे वास एकदम घरभर सुटतात. तसंच तिथं होतं. लाखो वर्षं बर्फात साठलेले रेणू एकदम वायू होऊन बाहेर येतात, एकमेकांशी मिसळतात, नवे रेणू बनतात. मांजराच्या पंजात अशी एक गरम जागा आहे, आकाशातल्या रसायनांच्या बाबतीत सगळ्यात श्रीमंत जागांपैकी एक. २०१७ साली तिथं मिथॉक्सिमिथेनॉल नावाचा रेणू अंतराळात पहिल्यांदाच सापडला.

सापडला म्हणजे कुणी तिथं गेलं नाही. ऐकला. लहानपणी आमच्या घरी मर्फीचा रेडिओ होता. सुई सरकवत सरकवत आकाशवाणीचं परभणी केंद्र लागलं की वडील म्हणायचे, "हं, हात काढ." प्रत्येक केंद्राची जागा ठरलेली. तसा प्रत्येक रेणू स्वतःभोवती फिरताना ठरावीक जागांवरच रेडिओलहरी सोडतो. मिथेनॉलची केंद्रं वेगळी, अमोनियाची वेगळी. दुसऱ्याच्या जागेवर कुणी बसत नाही. चिलीच्या वाळवंटात पाच हजार मीटर उंचीवर अल्मा नावाची ६६ अँटेनांची दुर्बीण आहे. ती ही केंद्रं लावत बसते आणि शास्त्रज्ञ यादी करत जातात.

आणि ऐकावंच लागतं, कारण तिथलं दिसत नाही. एवढ्या दाट धुळीतून साधा प्रकाश बाहेर पडत नाही, रेडिओलहरी मात्र पडतात. आपली बाळंतिणीची खोली आठवा. अंधारी, खिडकीला पडदा, शेकाची शेगडी, ओव्याचा धूर. आत काय चाललंय ते बाहेरच्याला दिसत नाही, पण बाळाचा आवाज येतो. मोठ्या ताऱ्याचं बाळंतपण असंच होतं. मिथेनॉलची एक विशिष्ट लहर १९९१ साली सापडली. ती इतकी जोरदार येते की लपून राहत नाही, आणि ती फक्त मोठे तारे जन्मतात त्याच ठिकाणाहून येते. म्हणजे ती लहर ऐकू आली की समजायचं, इथं कुणीतरी मोठं येतंय.

मी विचारलं, "पण या मोठ्या ताऱ्यांचं एवढं कौतुक कशाला? आपला सूर्य बरा की." तिनं सांगितलं ते माझ्या मनात घर करून राहिलं. सूर्यासारखे मध्यम तारे हजार कोटी वर्षं काटकसरीनं जगतात. मोठा तारा उधळ्या असतो. सूर्याच्या वीसपट जड तारा एक कोटी वर्षंही पुरी करत नाही. पण त्या थोड्या दिवसांत पोटात नवीन मूलद्रव्यं शिजवतो आणि शेवटी स्फोट होऊन सगळं वाटून टाकतो. आपण श्वासात घेतो तो ऑक्सिजन बहुतांशी अशाच ताऱ्यांनी बनवलेला. आपल्या पोरीबाळींच्या रक्तात कमी पडतं म्हणून आपण गोळ्या वाटतो, त्या लोहाचाही एक भाग त्यांचाच. त्या पसरलेल्या राखेतून पुन्हा धूळ, पुन्हा ढग, पुन्हा तारे, ग्रह. विंचवाच्या पोटातली ती लाल ज्येष्ठा आहे ना, तो असाच एक मोठा तारा आहे, म्हातारपणी फुगून लाल झालेला. कधीतरी तोही फुटेल. म्हणजे एकाच विंचवात बाळंतिणीची खोलीही आहे आणि आजीही आहे.

मैत्रिणींनो, हे सगळं आपल्यापासून फार लांब आहे असं वाटेल. तसं नाही. पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडद इथं डॉ. गोविंद स्वरूप यांनी उभारलेली रेडिओ दुर्बीण आहे, ३० अँटेना, प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर. तिथून हायड्रोजनचे ढग आणि तापलेल्या ताऱ्यांभोवतीचा वायू अभ्यासला जातो. आणि औंढा नागनाथला आपण दर्शनाला जातो ना? १ मे १९९९ पर्यंत तो भाग आपल्याच परभणी जिल्ह्यात होता, नंतर हिंगोलीत गेला. त्या औंढ्याजवळ लायगो-इंडिया ही प्रयोगशाळा उभारायला केंद्र सरकारनं २०२३ च्या एप्रिलमध्ये २६०० कोटी रुपये मंजूर केले. मोठे तारे मेल्यानंतर उरलेली त्यांची अतिजड शरीरं एकमेकांवर आदळतात, तेव्हा अवकाशात उठणारे तरंग तिथं मोजायचे आहेत. असे तरंग पहिल्यांदा सापडले १४ सप्टेंबर २०१५ रोजी, अमेरिकेत. आणि १७ ऑगस्ट २०१७ ला दोन मेलेले तारे आदळले, तेव्हा त्यातून सोन्यासारखी जड मूलद्रव्यं तयार होतात हे दिसलं. आपल्या मंगळसूत्राचं सोनं कुठून आलं असेल, बघा!

ती पोरगी आणखी एक गोष्ट सांगत होती, ती मला आपल्या पानासाठी मुद्दाम लिहावीशी वाटली. तारे मुख्यतः हायड्रोजनचे बनलेले आहेत हे आज शाळेतली मुलंही सांगतील. पण हे पहिल्यांदा शोधलं एका पंचवीस वर्षांच्या मुलीनं. सेसिलिया पेन तिचं नाव. १९२५ साली हार्वर्डला तिनं प्रबंध लिहिला. त्यासाठी आधार घेतला होता आपल्या मेघनाद साहांच्या समीकरणाचा. पण त्या काळच्या एका ज्येष्ठ शास्त्रज्ञांनी तिला सांगितलं, हे शक्यच नाही. आणि तिला स्वतःच्याच प्रबंधात लिहावं लागलं, की हा निष्कर्ष बहुधा खरा नसावा. चार वर्षांनी ते शास्त्रज्ञ स्वतः त्याच निष्कर्षाला पोचले. पेनबाईंना हार्वर्डमध्ये प्राध्यापकपद मिळायला १९५६ साल उजाडलं. आणि धुळीवरच्या बर्फाचं हे जे रसायन मी वर सांगितलं, त्यातल्या आजच्या जगातल्या आघाडीच्या शास्त्रज्ञ आहेत हॉलंडच्या एविन फान डिशूक. मूळच्या रसायनशास्त्राच्या विद्यार्थिनी. त्यांना २०१८ साली काव्हली पुरस्कार मिळाला.

"मलापण तेच करायचंय," ती अंधारात म्हणाली. "अहमदाबादच्या फिजिकल रिसर्च लॅबोरेटरीत असा बर्फ प्रयोगशाळेत करून अभ्यास करतात. मला पीएच.डी.ला अर्ज करायचाय. पप्पा म्हणतात, आधी लग्न. आणि लग्न अडलंय मुळावर."

कुणीच काही बोललं नाही. मग तीच पुढं म्हणाली, "काकू, नुसता हिशोब करा. चंद्र २७ नक्षत्रांतून २७ दिवसांत फिरतो, म्हणजे प्रत्येकात साधारण एक दिवस. मग दर २७ मुलींमागं एक मुळावरची. हजार बायकांच्या गावात सदतीस. आणि वाईट म्हणतात ती चारी नक्षत्रं धरली, तर दर सातवी पोरगी कुणा ना कुणाच्या जिवावर उठलेली. मग गावात सासरे, दीर उरले असते का? आणि गंमत म्हणजे चंद्र या नांगीवर कधी येतच नाही. तो नांगीच्या बराच वरून, उत्तरेकडून जातो. माझ्या जन्माच्या दिवशीही तो तिच्यापासून लांबच होता."

मला आठवलं, डॉ. जयंत नारळीकरांनी हे तपासूनच पाहिलं होतं. २००८ च्या सुमाराचा प्रयोग तो. हुशार मुलांच्या शंभर आणि मतिमंद मुलांच्या शंभर अशा दोनशे पत्रिका गोळा केल्या आणि ज्योतिषांना प्रत्येकी चाळीस देऊन विचारलं, कोणती कुणाची ते सांगा. २७ ज्योतिषांनी उत्तरं पाठवली. त्यांची सरासरी निम्म्याहून कमी बरोबर आली. नाणं उडवलं असतं तरी निम्मी बरोबर आली असती. २० मे २०२५ ला नारळीकर सर गेले, तेव्हा सगळ्या पेपरांनी त्यांच्यावर लिहिलं. पण त्यांच्या त्या प्रयोगातून आपण काय घेतलं?

आता माझं सांगते. तीन वर्षांपूर्वी माझ्या भाच्यासाठी मुली बघत होतो. बायोडाटे माझ्याकडंच यायचे. मी समाजकार्य करणारी, शिकलेली, म्हणून बहिणीनं विश्वासानं माझ्यावर सोपवलं होतं. त्यात एका शिक्षिकेचा बायोडाटा होता. सगळं छान. खाली लिहिलं होतं, नक्षत्र मूळ. मी तो कुणाला न सांगता बाजूला ठेवून दिला. माझा त्यावर विश्वास होता का? नव्हता. पण मनात आलं, मेव्हण्यांना उद्या काही झालं तर खापर माझ्यावर. "उगाच कशाला?" त्या फोनवरच्या माणसाचेच शब्द. फक्त मी फोनसुद्धा केला नाही. त्या मुलीच्या घरीही कुणीतरी वाट बघितली असेल, पिठलं हलवत मान खाली घातली असेल.

त्या रात्री गच्चीवर हे मी त्या मायलेकींना सांगून टाकलं. वहिनी उठून बसल्या. म्हणाल्या, "ताई, तुम्हीसुद्धा?" मी म्हटलं, "हो वहिनी, मीसुद्धा."

तेवढ्यात आजींचा आवाज आला. आम्हाला वाटत होतं त्या झोपल्यात.

"काय चाललंय माय तुमचं? मी बी मुळावरचीच हाय."

वहिनी चमकल्या. "आत्या, काय म्हणता?"

"आता काय म्हणू? माझ्या बापानं कोणाला सांगितलंच न्हाई. माय म्हणली, मेल्यावर बी सांगू नको. मामंजी ब्याण्णव वर्साचे होऊन गेले. शेवटची दोन वर्सं मीच भरवलं त्यायला. धनी गेले, दीर गेले, मामंजी सगळ्यायच्या मागून गेले. मी भ्यायचे, रोज भ्यायचे. मामंजी खोकले तरी माझ्या पोटात गोळा यायचा." थोडं थांबून त्या म्हणाल्या, "कोन्ता गं तो? दाव बरं मला."

नातीनं आजीला हाताला धरून उठवलं, कठड्यापाशी नेलं. आजींना मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर एका डोळ्यानं बरं दिसतं. नातीनं त्यांचं बोट धरून विंचवाच्या शेपटीवरून फिरवलं. पोट, शेपूट, नांगी. बऱ्याच वेळानं आजी म्हणाल्या, "हा इच्चू तर माझ्या बापानं दावला व्हता की. शेतात राखणीला जायचो तवा. ह्योच मूळ हाय, हे न्हाई सांगितलं."

साठ-पासष्ट वर्षं ती बाई एका नावाला घाबरत जगली, आणि ते नाव तिच्या ओळखीच्या ताऱ्यांचं होतं.

पुढं काय झालं, असं तुम्ही विचाराल. फार मोठं काही झालं नाही. पोरीनं अर्ज केला आहे. वडील अजून घुश्शातच आहेत, पण पत्रिका बदलायचा विषय घरात निघत नाही, कारण आजी मध्ये बोलतात. मी माझ्या बहिणीला तो बाजूला ठेवलेला बायोडाटा सांगितला. ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. बरोबरच होतं तिचं. आणि पुढच्या मीटिंगला हप्ते झाल्यावर मी बायकांना विचारलं, आपल्या गटातल्या घरांनी तरी सून बघताना नक्षत्र विचारायचं नाही असं ठरवायचं का? बारा जणींपैकी सात हात वर आले. पाच जणी गप्प होत्या. त्या पाचांवर मी रागावले नाही. तीन वर्षांपूर्वी मी त्यांच्यातच होते.

त्या ढगात उणे २६३ अंशांच्या थंडीतही धुळीच्या कणावर अणू एकमेकांना भेटतात आणि काहीतरी नवं तयार होतं. त्याला फक्त वेळ लागतो आणि भेटायला एक जागा लागते. आमच्या गटाची सतरंजी तशी जागा झाली तर बरं, एवढंच माझ्या मनात येतं.

तोपर्यंत एक करा. ढग नसलेल्या रात्री लेकीला, सुनेला, सासूला घेऊन गच्चीवर जा. दक्षिणेकडं बघा. विंचू शोधा. आणि घरात कुणी मुळावरची असेल, तर तिला तिचं नक्षत्र दाखवा.